कॉर्डलेस ड्रिलवरची ऑफर खरी किती रुपयांची? पहिल्यांदा टूल्स घेणाऱ्यांसाठी हिशोब

दसरा-दिवाळीचे सेल लागले की ओळखीतले लोक स्क्रीनशॉट पाठवायला लागतात. ड्रिल मशीन, दोन बॅटऱ्या, शंभर-सव्वाशे पीसची पेटी, वर लाल अक्षरात ६० टक्के ऑफ आणि खाली प्रश्न, घेऊ का? त्या ६० टक्क्यांवरून मला काहीच सांगता येत नाही, कोणालाच येणार नाही. पण टूल किती, बॅटरी किती, चार्जर किती असं सुटं सुटं करून मांडलं की ऑफर चांगली आहे का नुसता रंग आहे ते दहा मिनिटांत कळतं. ते कसं करायचं ते इथे पायरीपायरीने लिहितोय, आधी कधीच पॉवर टूल घेतलं नाही असं धरून.

पायरी १: काम ठरवा, ऑफर नंतर बघा

घरात वर्षातून चार-पाच वेळा भिंतीत होल मारायचं असेल, पडद्याचा रॉड, घड्याळ, एखादं शेल्फ, तर वायरवाली ५००-६०० वॅटची इम्पॅक्ट ड्रिल (फिरता फिरता ठोकेही मारते, म्हणून भिंतीला चालते) स्वस्तात येते आणि कपाटात वर्षभर पडून राहिली तरी तिचं काही बिघडत नाही. कॉर्डलेसची बॅटरी तशी नसते, ती वापरली नाही तरी म्हातारी होतेच, आणि पूर्ण उतरलेली तशीच महिनोन् महिने पडली तर बऱ्याचदा परत चार्जच घेत नाही. त्यामुळे वर्षाला पाच होलवाल्या माणसासाठी कॉर्डलेस कितीही डिस्काउंटमध्ये मिळाली तरी महागच. फर्निचर जोडायचंय, स्क्रू खूप मारायचेत, गच्चीवर, शेतावर, जिथे प्लग नाही तिथे काम आहे, नाहीतर हळूहळू सुतारकाम शिकायचंय, तर कॉर्डलेस घ्या, त्यात मजा आहे.

मग भिंतीचा प्रश्न. ही चूक नवीन लोकांची सगळ्यात जास्त होते म्हणून जरा थांबून सांगतो. सेलमध्ये सगळ्यात स्वस्त दिसणारी मशीन बऱ्याच वेळा नुसती ड्रिल-ड्रायव्हर असते, म्हणजे लाकूड आणि पत्रा, भिंत नाही. बॉशमध्ये नावावरून ओळखता येतं, जीएसआर म्हणजे नुसती ड्रिल-ड्रायव्हर, जीएसबी म्हणजे इम्पॅक्टवाली, जीडीआर म्हणजे इम्पॅक्ट ड्रायव्हर (हा स्क्रू मारायला, भिंतीला नाही, नावात इम्पॅक्ट आहे म्हणून फसू नका), आणि जीबीएच म्हणजे रोटरी हॅमर (काँक्रीटमध्ये होल मारायची, जोरात ठोके देणारी मशीन). मकितामध्ये डीडीएफ नुसती ड्रिल, डीएचपी हॅमरवाली (म्हणजे इम्पॅक्टवालीच), डीटीडी इम्पॅक्ट ड्रायव्हर, डीएचआर रोटरी हॅमर. विटेच्या भिंतीत किंवा जांभ्यात ६-८ एमएमचं होल मारून गिट्टी (स्क्रू पकडणारा प्लग) ठोकायला १८ व्होल्टची इम्पॅक्ट ड्रिल पुरते. पण हल्लीच्या टॉवरमध्ये बऱ्याच ठिकाणी सगळ्या भिंतीच आरसीसीच्या असतात, तिथे हीच मशीन नुसती घुरघुरते, बिट (मशीनच्या तोंडात लावायचं टोक) लाल होतं आणि होल अर्धा इंचावर अडतं, तिथे एसडीएस प्लसवाला (ही बिट अडकवायची एक पद्धत) रोटरी हॅमरच पाहिजे. तुमच्या कामाची नसलेली मशीन अर्ध्या किमतीत मिळाली तर अर्धी किंमत वाया गेली एवढाच त्याचा अर्थ.

पायरी २: एमआरपी विसरा

आपल्याकडे पॅकबंद मालावर एमआरपी छापणं २०११ च्या लीगल मेट्रॉलॉजी नियमांनी बंधनकारक आहे आणि ती सगळे कर धरून असते. पण एमआरपी म्हणजे जास्तीत जास्त किंमत, यापेक्षा महाग विकायचं नाही एवढंच ती सांगते, खरी किंमत काय चाललीय ते सांगत नाही. टूल्सच्या धंद्यात डीलर लोक एमआरपीच्या बरंच खाली रोजच विकतात, सेल असो नसो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा पुण्यात बोहरी आळीत जाऊन एखाद्या मॉडेलचा भाव विचारा, पहिलाच आकडा एमआरपीच्या खाली ऐकू येईल. म्हणून ४५ टक्के ऑफ मधले पहिले बरेचसे टक्के तुम्हाला कोणत्याही मंगळवारी मिळणारच होते.

मग तुलना कशाशी करायची? दोन गोष्टींशी. एक, त्याच मॉडेलचा ऑनलाइन भाव गेल्या तीन-चार महिन्यांत काय होता. अ‍ॅमेझॉनसाठी कीपा आहे, अ‍ॅमेझॉन-फ्लिपकार्ट दोन्हीसाठी बायहटके आहे, त्यात किमतीचा ग्राफ दिसतो. सेलच्या आधी दोन-तीन आठवडे भाव वर चढवलेला असेल आणि सेलमध्ये परत जागेवर आणला असेल तर ग्राफमध्ये स्पष्ट डोंगर दिसतो. ग्राफमध्ये सगळ्यात खालचा भाव कोणता आणि तो किती वेळा आला तेही बघा, दर दोन महिन्यांनी तोच भाव येत असेल तर आजच घ्यायची घाई कशाला. दुसरी गोष्ट म्हणजे दुकानाचा भाव. फोन करा आणि नीट विचारा, "जीएसटी बिलासकट शेवटचा रेट काय?" बिलासकट हा शब्द महत्त्वाचा, कारण बिल नको असेल तर अजून कमी करतो असं कोणी म्हणालं तर त्या कमी भावात तुम्ही वॉरंटी विकताय.

पायरी ३: किट फोडून बघा

सगळा खेळ इथे आहे, बाकीच्या पायऱ्या वरवर वाचल्या तरी चालतील पण हीच एक कागद-पेन घेऊन करा.

किट म्हणजे टूल, बॅटरी, चार्जर, पेटी आणि किरकोळ सामान. बहुतेक कंपन्या हेच टूल बॅटरीशिवाय पण विकतात, त्याला सोलो किंवा बेअर टूल म्हणतात. मकिताच्या मॉडेल नंबरच्या शेवटी झेड असेल तर बॅटरी-चार्जर नाही असं समजा, ऑनलाइन अचानक खूपच स्वस्त डीएचपी दिसली तर आधी शेवटचं अक्षर बघा. डिवॉल्टमध्ये शेवटी डी२ असेल तर २ एएचच्या (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीची क्षमता) दोन बॅटऱ्या, एम२ म्हणजे ४ एएचच्या दोन, पी२ म्हणजे ५ एएचच्या दोन. एकाच मशीनचे तीन भाव दिसतात ते यामुळे.

आता समजा, आकडे उदाहरणापुरते आहेत, तुम्ही त्या दिवशीचे भरा. एक किट आहे ९,००० रुपयांना, एमआरपी १७,३०० म्हणून ४८ टक्के ऑफ लिहिलंय. आत ड्रिल, २ एएचच्या दोन बॅटऱ्या, चार्जर. त्याच वेबसाइटवर सोलो ड्रिल ४,२०० ला, सुटी बॅटरी २,६०० ला, चार्जर १,९०० ला. बेरीज ४,२०० अधिक ५,२०० अधिक १,९००, झाले ११,३००. म्हणजे किटवर खरी बचत २,३००, साधारण २० टक्के. वाईट नाही, पण ४८ पण नाही.

पुढचा प्रश्न, दुसरी बॅटरी तुम्हाला खरंच लागणार आहे का? घरच्या कामाला एक पुरत असेल तर सुटं घेतलं तर ८,७०० होतात आणि किट तुम्हाला उलट ३०० रुपये महाग पडतं. दिवसभर काम करणाऱ्याला मात्र दुसरी बॅटरी लागतेच, एक मशीनवर, एक चार्जरवर, त्याच्यासाठी तेच किट २,३०० रुपयांनी स्वस्त. तीच ऑफर, तोच भाव, एकाला फायदा आणि एकाला नाही. म्हणून दुसऱ्या कोणी चांगली डील आहे असं सांगितलं की तो काय काम करतो ते आधी विचारा.

फ्रीच्या वस्तूंचं पण तसंच. जी वस्तू तुम्ही नाहीतरी विकत घेणारच होता तिचीच किंमत हिशोबात धरायची, ती पण बाजारभावाने, ऑफरच्या पानावर लिहिलेल्या भावाने नाही. १०० पीसची बिट-पेटी असेल तर मी शून्य धरतो. त्यातली मेसनरी (भिंतीची) बिटं दोन-चार होलांत बोथट होतात, स्क्रू-बिटं गोल होऊन स्क्रूचं डोकं खातात, शेवटी चांगली चार बिटं वेगळी आणावीच लागतात. ड्रिलवर ग्राइंडर फ्री असेल तर लक्षात ठेवा की ग्राइंडर बॅटरी भयंकर वेगाने पितो, २ एएचवर तो फार वेळ चालत नाही, त्याला ४ एएच किंवा वरची लागते, म्हणजे फ्री ग्राइंडर वापरायला अजून एक मोठी बॅटरी विकत घ्या. तो खर्च आजच बेरजेत लिहा.

पायरी ४: बॅटरीची खरी किंमत काढा

कॉर्डलेसमध्ये पैसा बॅटरीत असतो. दोन किटची तुलना करताना मी वॅट-अवर, म्हणजे बॅटरीत एकूण किती वीज मावते ते काढतो, सोपं आहे, व्होल्ट गुणिले एएच. १८ व्होल्ट २ एएच म्हणजे ३६ वॅट-अवर, ४ एएच म्हणजे ७२. वरच्या उदाहरणात २,६०० भागिले ३६, म्हणजे ७२ रुपये प्रति वॅट-अवर. दुसऱ्या ब्रँडची ४ एएचची ४,३०० ला मिळत असेल तर ती साधारण ६० रुपये पडते. हा एक आकडा हातात असला की ब्रँड वेगळे असले तरी बॅटऱ्या एका ओळीत मांडता येतात.

पण व्होल्ट कुठले धरायचे? इथे लेबलवर गोंधळ आहे. लिथियमचा एक सेल (बॅटरीच्या आतली एक नळकांडी) नेहमीच्या कामात ३.६ व्होल्टचा आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ चा. पाच सेल ओळीत लावले की ३.६ च्या हिशोबाने १८ आणि पूर्ण चार्जला २१. म्हणून १८ व्होल्ट, २० व्होल्ट मॅक्स आणि २१ व्होल्ट ही तिन्ही नावं बहुतेक वेळा त्याच पाच सेलची आहेत, डिवॉल्ट अमेरिकेत २० व्होल्ट मॅक्स म्हणून विकते तीच सिरीज युरोपात १८ व्होल्ट म्हणून विकली जाते. १२ व्होल्ट मॅक्स म्हणजे तीन सेल, खरे १०.८. त्यामुळे १२ ची २ एएच बॅटरी २४ नाही तर २१.६ वॅट-अवर धरा. हिशोबात नेहमी १८ आणि १०.८ घ्या म्हणजे सगळ्यांना एकच माप लागतं.

आणि ते ४८ व्हीएफ, ८८ व्हीएफ, १२८ व्हीएफ लिहिलेल्या मशीन्स, ज्या दोन बॅटऱ्यांसकट दोन-अडीच हजारांत दिसतात, त्यातले आकडे म्हणजे व्होल्ट नाहीतच, आत सहसा तेच पाच सेल असतात. एएच पण फुगवलेले असतात. ओळखायचं कसं? नेहमीच्या १८६५० जातीच्या सेलमध्ये एका सेलला साडेतीन एएचच्या वर सहसा जात नाही, तेव्हा लहानशा पाच सेलच्या पॅकवर ६ एएच लिहिलं असेल तर ते खरं नाही. असा एक सेल साधारण ४५ ते ५० ग्रॅमचा असतो, खऱ्या ६ एएचला असे दहा लागतात आणि दहा सेलचा पॅक नुसत्या सेलनेच साडेचारशे ग्रॅमच्या वर जायला हवा, किचनच्या वजनकाट्यावर ठेवून बघा. अजून एक टेस्ट चार्जरवर आहे, त्यावर आउटपुट १.३ अँपिअर लिहिलं असेल तर रिकामी ६ एएच बॅटरी भरायला साडेचार तासांच्या वर लागायला पाहिजेत, ती तासाभरात हिरवा दिवा दाखवत असेल तर आत दीड एएच पण नाही.

दोन छोट्या का एक मोठी, २ एएचच्या दोन का ४ एएचची एक, वॅट-अवर सारखेच. दोन असल्या तर काम थांबत नाही आणि एक मेली तरी दुसरी आहे. मोठीत सहसा सेलच्या दोन ओळी असतात म्हणून जास्त करंट देते, ग्राइंडर, सर्क्युलर सॉ, रोटरी हॅमरला तीच हवी. ड्रिल आणि स्क्रूच्या कामाला दोन छोट्या, हलक्या पण पडतात आणि डोक्यावर हात धरून काम करताना तो फरक खांद्याला कळतो.

पायरी ५: पुढच्या टूलचा भाव आजच बघा

पहिलं किट घेतलं की तुम्ही त्या कंपनीच्या बॅटरीशी बांधले जाता, लग्नासारखंच आहे हे, घराणं बघूनच होकार द्यावा. दुसरं-तिसरं टूल सोलो घेतलं तरच कॉर्डलेसमध्ये पैसे वाचतात. म्हणून पुढच्या दोन वर्षांत काय काय लागेल, समजा ग्राइंडर, जिगसॉ, ब्लोअर, ते लिहा आणि त्या ब्रँडमध्ये ती टूल्स सोलो भारतात मिळतात का आणि कितीला ते आजच बघा. किट हजार रुपयांनी स्वस्त पण पुढचं प्रत्येक टूल दोन हजारांनी महाग, असं बरेचदा निघतं.

एकाच कंपनीत पण सगळं एकमेकांना बसतं असं नाही. मकिताची जी सिरीजची १८ व्होल्ट बॅटरी एलएक्सटीच्या (मकिताची मुख्य १८ व्होल्टची लाइन) टूलला चालत नाही, आणि ऑफरमध्ये बऱ्याचदा जी सिरीजच असते कारण ती स्वस्त आहे. बॉशचं निळं प्रोफेशनल आणि हिरवं घरगुती, दोन्हीकडे १८ व्होल्ट, बॅटऱ्या मात्र वेगळ्या. १४.४ व्होल्टची एखादी मशीन फारच स्वस्तात काढत असतील तर दहादा विचार करा, ती लाइन बाजारातून जात चाललीय आणि पुढे बॅटरी शोधत फिरावं लागेल. अडॅप्टर लावून एकाची बॅटरी दुसऱ्याला चालवायचा सल्ला कोणी देईल, तो मी देणार नाही. बॅटरी किती खाली उतरू द्यायची हे बघणारं सर्किट काही ब्रँडमध्ये बॅटरीत असतं, काहींत टूलमध्ये, दोघांची जुळणी चुकली की बॅटरी पार उतरून मरते. ब्रँडच्या नावाच्या स्वस्त डुप्लिकेट बॅटऱ्यांचं पण तेच, बाहेरून हुबेहूब, आतले सेल कुठले ते देव जाणे.

सर्व्हिस सेंटर तुमच्या गावापासून किती लांब आहे हेही याच पायरीत बघा. मुंबई-पुण्यात चिंता नाही, पण चंद्रपूर, सिंधुदुर्ग, धाराशिव अशा ठिकाणी राहत असाल तर आधी फोन करून विचारा. वॉरंटी कार्डवर बॅटरीची मुदत टूलपेक्षा वेगळी लिहिलेली असू शकते, आणि रजिस्ट्रेशन केलं तरच पूर्ण वॉरंटी अशी अटही असू शकते, विकत घ्यायच्या आधी वाचा.

पायरी ६: कार्ड, ईएमआय, कूपन

हे पटकन. बँकेची १० टक्के सूट असेल तर खाली बारीक अक्षरात जास्तीत जास्त किती आणि किमान किती खरेदीवर ते लिहिलेलं असतं, टक्के सोडा, तुमच्या बिलावर रुपये किती ते लिहा. कॅशबॅक वॉलेटमध्ये येत असेल तर ते रोख धरू नका. नो-कॉस्ट ईएमआयमध्ये बँक व्याज लावतेच, तेवढी सूट किमतीत आधी दिली जाते, पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी आपल्यालाच पडते. शिवाय ईएमआय घेतला की साधी सूट जाते का ते बघा.

तुमचं जीएसटी रजिस्ट्रेशन असेल, म्हणजे फर्निचरचं, इंटिरिअरचं, इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टचं काम करत असाल, तर हिशोब बदलतो. पॉवर टूल्सवर १८ टक्के जीएसटी आहे, ९,००० च्या बिलात साधारण १,३७३ कर असतो आणि तुमच्या जीएसटी नंबरवर बिल असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तेवढा कर तुमच्या भरायच्या करातून वजा होतो. म्हणजे बिल नसलेली ८,२०० ची मशीन तुम्हाला बिलासकट ९,००० वालीपेक्षा महाग पडते.

घाई करायला लावणाऱ्या गोष्टी, उलटं चालणारं घड्याळ, "फक्त २ शिल्लक", न विचारता कार्टमध्ये घुसलेली एक्स्ट्रा वॉरंटी, यातल्या खोट्या प्रकारांवर २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या (ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांच्या) मार्गदर्शक तत्त्वांनी बंदी आहे. पेमेंटच्या आधी कार्ट एकदा वरपासून खालपर्यंत वाचा.

अमेरिकेतून मागवत असाल तर

न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातला भाऊ, मावशी येणार असली की तिथल्या सेलमधलं किट आणायला सांगायची इच्छा होते, आणि तिथल्या बॅटरी-घ्या-टूल-फ्री ऑफर खरंच जोरदार असतात. पण तिथला चार्जर बहुतेक १२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० ला थेट लावला तर संपला. चार्जर इथला घ्यावा लागेल, त्याचे पैसे धरा. वॉरंटी इथे चालेल असं धरू नका. विमानात टूल चेक-इन बॅगेत आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, शॉर्ट होऊ नये म्हणून टोकं झाकून. १०० वॅट-अवरपर्यंत सहसा परवानगी लागत नाही, १०० ते १६० मध्ये एअरलाइनची परवानगी आणि अशा सुट्या दोनच. म्हणजे १८ व्होल्टची ५ एएच (९० वॅट-अवर) चालते, ६ एएचला (१०८) आधी विचारावं लागतं.

पायरी ७: पार्सल आल्यावर

रिटर्नची मुदत संपायच्या आत सगळं तपासायचं. खोका उघडताना व्हिडिओ काढा, मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरासकट बिलाशी जुळवा, बॅटरीवरचे व्होल्ट आणि एएच जाहिरातीतल्या आकड्यांशी जुळवा. पाकिटावरच्या लेबलवर महिना-वर्ष असतं ते बघा, दोन-तीन वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला माल सेलमध्ये निघतो आणि त्यातली बॅटरी तेवढी जुनी असते. दोन्ही बॅटऱ्या पूर्ण चार्ज करा, प्रत्येकीवर एकाच लाकडात एकाच मापाचे स्क्रू मारत जा, एक लवकर दमत असेल तर लगेच बदलून मागा. टूल ५-१० मिनिटं चालवा, चक (बिट पकडणारा पुढचा भाग) थरथरतोय का, जळका वास येतोय का, गिअर बदलताना अडकतोय का. बिलाचा फोटो काढून ठेवा (थर्मल कागदावरची छपाई हळूहळू उडते) आणि रजिस्ट्रेशन असेल तर त्याच दिवशी करा.

जाहिरातीत एक आणि खोक्यात दुसरं निघालं आणि विकणारा दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा, तक्रार मराठीतही सांगता येते. ऑफरच्या पानाचा स्क्रीनशॉट खरेदीच्या दिवशीच काढून ठेवा, कारण सेल संपला की ते पान बदलतं.